अकरा मूर्ती

दक्षिण दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही सरकारी नोकरांची वसाहत. आजूबाजूला सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर आणि किदवई नगर. झाशीच्या राणीपासून स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळापर्यंतचा इतिहास येथे सकाळच्या एका फेरफटक्यात पायांखालून जातो. परंतु नाव रोजच्या तोंडी रुळले की त्यामागील माणूस पुसट होऊ लागतो. ‘सरोजिनीला जाऊन येतो’ असे म्हणणाऱ्याच्या मनात कपड्यांचा बाजार असतो. सरोजिनी नायडू नसतात. पत्त्यात ‘लक्ष्मीबाई’ लिहिताना हात क्षणभरही थांबत नाही. माझाही थांबत नाही.

तेव्हा प्रश्न असा पडतो, की स्मारकाने करावे तरी काय? या प्रश्नाचे एक उत्तर आमच्या वसाहतीपासून काही किलोमीटरांवर, सरदार पटेल मार्ग आणि मदर तेरेसा क्रेसेंट जेथे मिळतात, तेथील हिरवळीवर उभे आहे. काठी रोवीत, किंचित पुढे झुकून गांधीजी निघाले आहेत आणि त्यांच्यामागे दहाजण चालले आहेत. वेष निरनिराळे, वये निरनिराळी, धर्मही निरनिराळे. त्यांत स्त्रीरूपही आहे. हे दांडीयात्रेचे शिल्प. दिल्लीकर त्याला ‘ग्यारह मूर्ती’ म्हणतात.

शिल्पकार देवीप्रसाद रायचौधरी. मद्रासच्या कलाशाळेचे ते प्राचार्य होते आणि ललित कला अकादमीचे पहिले अध्यक्ष. ११ ऑगस्ट १९४२ रोजी पाटण्याच्या सचिवालयावर तिरंगा फडकविण्यास निघालेले सात विद्यार्थी गोळीबारात पडले. त्यांचे तेथील स्मारक याच हातांनी घडविले. मद्रासच्या समुद्रकिनारी प्रचंड शिळा हलविणारे चार मजूर, तेही यांचेच. एकट्या वीरापेक्षा एकत्र जोर लावणारी माणसे या कलावंताला अधिक जवळची वाटत असावीत.

आता मूळ घटना पाहू. १२ मार्च १९३० रोजी साठी पूर्ण केलेले गांधीजी अठ्ठ्याहत्तर सहकाऱ्यांसह साबरमतीहून निघाले. सुमारे ३८५ किलोमीटर चालून ५ एप्रिलला ते दांडीस पोहोचले आणि ६ एप्रिलला त्यांनी मीठ उचलले. ज्या सरदारांचे नाव आज या मार्गाला आहे, ते या यात्रेत नव्हते. यात्रेपूर्वीच, ७ मार्चला, सरकारने त्यांना पकडले होते. यात्रेत चालणाऱ्यांमध्ये आपले पंडित नारायण मोरेश्वर खरे होते. आश्रमाचे हे संगीतज्ञ. यात्रेतील भजनांची धुरा त्यांच्याकडे होती.

येथे चोखंदळ श्रोता एक शंका काढील. साबरमतीहून निघालेल्या तुकडीत एकही स्त्री नव्हती. स्त्रियांना पुढे करून लाठीपासून बचाव साधला, असे दिसू नये, म्हणून गांधीजींनीच त्यांना वगळले होते. मग शिल्पात स्त्री कशी? शिल्पकाराने त्या चोवीस दिवसांचे छायाचित्र घडविलेले नाही. त्या पावलांमागून जे घडले तेही त्याने एका ओळीत आणले आहे. कमलादेवी चट्टोपाध्याय आणि अवंतिकाबाई गोखले मुंबईच्या मीठ सत्याग्रहात उतरल्या. २१ मे रोजी धारासणेच्या मिठागराकडे निघालेल्या सत्याग्रहींच्या अग्रभागी सरोजिनीबाई होत्या. त्याच महिन्यात आपल्या कोकणात शिरोड्याला माणसे मीठ लुटण्यास धावली. ही सारी माणसे दांडीच्या रस्त्यावर नव्हती, तरी यात्रा त्यांचीही होती.

म्हणूनच या दहाजणांपुढे नावे नाहीत, हे मला उणे वाटत नाही. अठ्ठ्याहत्तरांची यादी ‘यंग इंडिया’त प्रसिद्ध झाली होती, इतिहासाने आपले काम केले आहे. शिल्पाचे काम वेगळे. ज्यांची नोंद कोठल्याही यादीत झाली नाही, त्यांना त्याने जागा करून दिली. आणि लोकांनी ठेवलेले नाव तर त्याहून मार्मिक आहे. ‘गांधीजी आणि दहा अनुयायी’ असे कोणी म्हणत नाही. पुढारी आणि मागचे यांत लोकांनी अंतर ठेवले नाही. सरळ अकरा मोजले.

नोव्हेंबर २०१६ मध्ये बाद झालेल्या पाचशेच्या नोटेच्या पाठीवर दांडीयात्रेचे हेच दृश्य होते. वर्षानुवर्षे ते आपल्या खिशात होते. आपण नोटा मोजल्या, माणसे मोजली नाहीत. वसाहतींच्या नावांचे जे झाले तेच या शिल्पाचेही होऊ शकते. त्याच्या शेजारून मोटारी वेगाने जातात आणि बहुतेकांना ते केवळ वळणाची खूण म्हणून ठाऊक असते.

श्रोतेहो, दिल्लीस आलात तर तेथे पाच मिनिटे थांबा. बरोबर मुले असतील तर त्यांना मूर्ती मोजू द्या. शेवटच्या मूर्तीपाशी येऊन एखादे मूल विचारील, ‘हे कोण?’ नाव सांगता येणार नाही. ‘आपल्यासारखेच कोणीतरी’ एवढे सांगितले, तरी ते उत्तर खरे असेल.