क्वार्टरबॅकची निवड आणि आक्रमणाची घडण

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक हा मैदानावरच्या अकरा खेळाडूंपैकी एक असला, तरी आक्रमणाची जवळजवळ प्रत्येक चाल त्याच्याच हातांतून जाते, आणि म्हणून त्याची निवड हा प्रशिक्षकाच्या दृष्टीने हंगामातील सर्वांत जोखमीचा निर्णय ठरतो. या खेळात लांबट चेंडू हातात घेऊन पळत किंवा पुढे फेकून 100 यार्ड लांबीच्या मैदानापलीकडच्या शेवटच्या पट्ट्यात नेला, की सहा गुणांचा टचडाऊन होतो. चेंडू आपल्याकडे राखायचा तर चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे सुमारे नऊ मीटर, पुढे सरकावे लागते. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी सेंटर हा खेळाडू चेंडू मागे देतो, तो क्वार्टरबॅककडे येतो, आणि पुढच्या दोन-तीन सेकंदांत चेंडू सहकाऱ्याला द्यायचा, फेकायचा की स्वतःच घेऊन पळायचे, हे त्याला ठरवावे लागते.

दोन उमेदवारांपैकी श्रेष्ठ कोण, याच प्रश्नाभोवती निवडीची चर्चा फिरत राहते. परंतु कोणत्या खेळाडूला निवडल्यास आक्रमण कोणत्या पद्धतीने खेळावे लागेल, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे, कारण खेळाडू आणि चालींचा संच हे एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. व्यावसायिक संघ एखाद्या क्वार्टरबॅकला दहा-पंधरा वर्षे सांभाळू शकतो, तर महाविद्यालयात खेळाडूची कारकीर्द साधारण चार हंगामांची, आणि त्यांतही पहिली एक-दोन वर्षे शिकण्यातच जातात. त्यामुळे स्वतःच्या आवडीची पद्धत प्रत्येक नव्या खेळाडूवर लादणारा प्रशिक्षक पुष्कळदा हाताशी असलेले गुण वाया घालवतो.

बलदंड हात सर्वांना लगेच दिसतो आणि म्हणूनच त्याचे मोल अवाजवी वाढते. अनुभवी प्रशिक्षक त्याआधी अचूकता आणि वेळेचे भान पाहतात: झेल घेणारा खेळाडू, ज्याला रिसीव्हर म्हणतात, तो वळण्यापूर्वीच चेंडू हातातून सुटला आहे का, आणि पहिला रिसीव्हर अडवला गेल्यास नजर न गोंधळता दुसऱ्याकडे जाते का. ही पारख वसंत ऋतूतील पंधरा सरावसत्रांत आणि ऑगस्टमधील शिबिरात होते. मात्र या सरावांत क्वार्टरबॅकला इजा होऊ नये म्हणून त्याला वेगळ्या रंगाचा सदरा दिला जातो आणि त्याला जमिनीवर पाडण्यास मनाई असते. साहजिकच, अंगावर धावून येणाऱ्या बचावपटूकडे दुर्लक्ष करून नजर दूरच्या सहकाऱ्यावर ठेवण्याचे धैर्य, जे या स्थानावरील सर्वांत दुर्मीळ लक्षण म्हणावे लागेल, ते सरावात पुरते पारखताच येत नाही.

निवड झाल्यावर त्या खेळाडूचा वापर कसा करायचा, हा या विषयाचा सर्वांत समृद्ध भाग आहे. क्वार्टरबॅकने चेंडू रनिंग बॅकला, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्या सहकाऱ्याला, दिला आणि स्वतः बाजूला झाला, तर बचावाच्या अकरा खेळाडूंसमोर आक्रमणाचे प्रत्यक्षात दहाच उरतात. ही उणीव भरून काढणारी चाल म्हणजे झोन रीड. तिच्यात बचावाच्या टोकाला उभ्या असलेल्या एका खेळाडूला मुद्दाम अडवले जात नाही. क्वार्टरबॅक चेंडू रनिंग बॅकच्या पोटाशी धरतो, पण लगेच सोडत नाही, आणि क्षणभर त्याची नजर त्या मोकळ्या बचावपटूवर खिळलेली असते. तो रनिंग बॅकच्या मागे आत धावला, तर क्वार्टरबॅक चेंडू ओढून घेऊन त्याने रिकाम्या केलेल्या बाजूने पळतो, आणि तो जागीच थांबला, तर चेंडू सोडून देतो. अशा रीतीने एका प्रतिस्पर्ध्याला कोणीही हात न लावता खेळाबाहेर ठेवले जाते. रिच रॉड्रिग्ज यांनी ग्लेनव्हिल स्टेट या लहान महाविद्यालयात विकसित केलेली ही कल्पना पुढे देशभर पसरली.

याच विचाराचा पुढचा टप्पा म्हणजे आरपीओ, ज्यात धाव की फेक हा पर्याय चाल सुरू झाल्यानंतरही खुला राहतो. महाविद्यालयीन नियम या चालीला अनुकूल आहेत, कारण फेकीपूर्वी पुढच्या फळीतील खेळाडूंना तीन यार्डांपर्यंत पुढे जाता येते, तर व्यावसायिक खेळात ही सवलत एकाच यार्डाची आहे. शिवाय चेंडू जिथून खेळवला जातो ती जागा ठरवणाऱ्या खुणांच्या दोन रांगा महाविद्यालयीन मैदानावर एकमेकींपासून 40 फूट अंतरावर असतात. चेंडू एका रांगेवर ठेवला गेला, की दुसऱ्या बाजूला विस्तीर्ण मोकळी जागा उरते आणि पायांत वेग असलेल्या क्वार्टरबॅकला तिचा पुरेपूर लाभ घेता येतो. याउलट हॅल मुम आणि माइक लीच यांच्या एअर रेड पद्धतीत क्वार्टरबॅक फारसा पळत नाही. मोजक्या चाली अंगवळणी पडेपर्यंत गिरवल्या जातात आणि समोरचा बचाव पाहून चाल बदलण्याची मोकळीक त्याला दिली जाते. चाली थोड्या असल्यामुळे नवागतही लवकर रुळतो: 2018 मध्ये वॉशिंग्टन स्टेटमध्ये दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्या गार्डनर मिन्श्यूने पहिल्याच हंगामात लीच यांच्या संघाला 11 विजय मिळवून दिले.

निवड आणि पद्धत यांचा हा संबंध अलाबामा विद्यापीठाच्या उदाहरणात सर्वांत स्पष्ट दिसतो. जेलन हर्ट्स 2016 पासून तेथील पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक होता आणि त्याच्या दणकट धावांवर संघाने जवळजवळ सर्व सामने जिंकले होते. पण 8 जानेवारी 2018 रोजी अटलांटातील राष्ट्रीय अंतिम सामन्यात जॉर्जियाच्या बचावाने त्या धावा रोखल्या आणि मध्यंतराला अलाबामा 0–13 असा मागे पडला. प्रशिक्षक निक सेबन यांनी उत्तरार्धात प्रथम वर्षाच्या तुआ टागोवाइलोआला उतरवले. हा केवळ माणसांचा बदल नव्हता, कारण तुआच्या फेकीला घाबरून बचावपटू मागे पसरले आणि आतापर्यंत कोंडलेले आक्रमण मोकळे झाले. जादा वेळेत त्याला चेंडूसह 16 यार्ड मागे पाडण्यात आले आणि दुसऱ्या प्रयत्नात 26 यार्डांची गरज उरली. तेव्हा त्याने आधी भलतीकडे पाहून मागच्या बचावपटूला थोपवले आणि डाव्या कडेने धावणाऱ्या डेव्हॉन्टा स्मिथकडे 41 यार्डांची फेक करून 26–23 असा विजय मिळवला.

त्यानंतर हर्ट्स राखीव झाला, पण विद्यापीठ सोडून गेला नाही, आणि 1 डिसेंबर 2018 रोजी त्याच मैदानावर, त्याच जॉर्जियाविरुद्ध, तुआ जखमी झाल्यावर हर्ट्सने बरोबरी साधणारी फेक केली आणि 15 यार्डांच्या धावेने सामना 35–28 असा जिंकून दिला. सेबन यांच्या पहिल्या निर्णयाची वाहवा झाली ती रास्तच; तरी बाजूला सारलेल्या खेळाडूला अकरा महिने तयारीत ठेवणे, ही त्यांची अधिक कठीण कामगिरी मानली पाहिजे.

दोन क्वार्टरबॅक एकाच सामन्यात आलटून पालटून खेळवू नयेत, असा सर्वसाधारण समज आहे, आणि दोघेही एकाच धाटणीचे असतील तर तो बरोबरच आहे, कारण तेव्हा कोणालाच लय सापडत नाही. परंतु 2006 च्या हंगामात फ्लोरिडाचे प्रशिक्षक अर्बन मायर यांनी फेकीत तरबेज ख्रिस लीकला मुख्य ठेवून, थोडेच अंतर उरले असताना धिप्पाड टिम टीबोला घुसवण्यासाठी उतरवले आणि राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. कामे निराळी होती, म्हणून ती जोडी टिकली.

2018 पासून मात्र राखीव खेळाडू सांभाळणे अवघड झाले आहे. त्या वर्षी दोन नवे नियम आले: चारपर्यंत सामने खेळूनही खेळाडूला आपला हंगाम शिल्लक राखता येऊ लागला, आणि ट्रान्सफर पोर्टल या नोंदणीव्यवस्थेमुळे दुसऱ्या विद्यापीठात जाणे सोपे झाले. क्लेम्सनमध्ये चार सामन्यांनंतर केली ब्रायंटच्या जागी ट्रेव्हर लॉरेन्सची निवड होताच ब्रायंटने संघ सोडला. लगेचच्या सिराक्यूजविरुद्धच्या सामन्यात लॉरेन्स जखमी झाला आणि चेस ब्राइसला उतरवून क्लेम्सनला 27–23 असा निसटता विजय मिळवावा लागला. ओहायो स्टेटने 2014 मध्ये पहिले दोन क्वार्टरबॅक दुखापतीने गमावूनही कार्डेल जोन्स या तिसऱ्याच्या बळावर विजेतेपद जिंकले होते. आज तशा दर्जाचा तिसरा खेळाडू बाकावर वाट पाहत बसण्यापेक्षा दुसरीकडे पहिला होणे पसंत करतो, आणि म्हणून प्रशिक्षकांना दर हिवाळ्यात आधी क्वार्टरबॅक शोधावा लागतो व त्यानंतरच येत्या हंगामाच्या चाली लिहायला घ्याव्या लागतात.