आयोजक बदलला, नाव गेलं, स्पर्धा मात्र गावातच राहिली



कारेगावच्या बॅचमध्ये एका ताईंनी विचारलेला प्रश्न आज घेतोय. एमआयडीसीतल्या एका लेबर कॉन्ट्रॅक्टरकडून त्यांना रोज ८० डब्यांची ऑर्डर होती. कॉन्ट्रॅक्टर बदलला, नवा माणूस स्वतःचा मेसवाला घेऊन आला. ताई म्हणाल्या, "सर, कंपनी तीच, पोरं तीच, माझी भाजीपण तीच. मग धंदा गेला कुठं?"

व्हिडिओमध्ये मी त्यांना जर्मनीतल्या रोथची गोष्ट सांगितली, पण ती घाईत उरकली. म्हणून इथे नीट लिहितो.

रोथ हे न्यूरेंबर्गजवळचं छोटं शहर. वस्ती साधारण २५ हजार, म्हणजे आपल्याकडचं तालुक्याचं गावच समजा. १९८४ साली डेटलेफ क्युनेल यांनी तिथे ट्रायथलॉन सुरू केली. आधी पोहणं, मग सायकल, मग पळणं, मध्ये थांबायचं नाही. १९८८ पासून तिला 'आयर्नमन युरोप' हे नाव मिळालं. आयर्नमन हा अमेरिकन ब्रँड. १९७८ मध्ये हवाईत १५ जणांनी सुरुवात केलेली स्पर्धा वाढत वाढत २०१५ मध्ये चीनच्या वांडा कंपनीने ६५ कोटी डॉलरला घेतली, एवढी त्या नावाची किंमत. अंतर ठरलेलं: ३.८ किलोमीटर पोहणं, १८० सायकल, शेवटी पूर्ण मॅरेथॉन. आपले मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये झुरिचला केली ती हीच.

आता या नावाने रोथला काय मिळत होतं ते बघा. जगभर ओळख, आणि हवाईच्या जागतिक स्पर्धेत जायची संधी. खेळाडू लांबून यायचे ते बरेचसे या संधीसाठी. १९९६ मध्ये लोथार लेडर इथेच आठ तासांच्या आत आला, या अंतरात असं करणारा पहिला माणूस.

आणि २००१ नंतर हे नाव गेलं. परवान्याचा करार पुढे चालू राहिला नाही. २००२ पासून जर्मनीतली आयर्नमन फ्रँकफर्टला भरू लागली. मोठं शहर, मोठा विमानतळ. हिशेबाने रोथचं दुकान बंद व्हायला हवं होतं.

झालं नाही. तेव्हाचे संयोजक हर्बर्ट वाल्क्सहोफर यांनी त्याच रस्त्यांवर, त्याच कालव्यात २००२ मध्ये 'चॅलेंज रोथ' नावाने स्पर्धा भरवली. २००७ मध्ये ते वारले आणि कुटुंबाने काम हातात घेतलं. मुलगा फेलिक्स आजही पुढे आहे. म्हणजे नाव बदललं, चालवणारा बदलला, हवाईची संधी गेली, तरी स्पर्धा चालूच.

कशामुळे? माझं मत सांगतो. ब्रँडवाल्याने नेलं ते नाव. पण सकाळी पाण्याचे ग्लास हातात देणारी माणसं, दिवसभर आपला रस्ता बंद सहन करणारे गावकरी, ओळखीची क्रीडा मंडळं, हे सगळं त्याच्या करारात कधी नव्हतंच. आज तिथे काही हजार स्वयंसेवक राबतात. हिल्पोल्टश्टाइनजवळचा सोलार बर्ग नावाचा चढ आहे, तिथे गर्दी इतकी की सायकलवाल्याला जेमतेम एका चाकाची वाट मिळते. पालखी दिवे घाट चढताना दोन्ही बाजूंनी माणूस उभा असतो ना, डोळ्यासमोर तेच आणा.

इथे एक सावधान. फ्रँकफर्टची स्पर्धाही जोरात चालली, त्यामुळे ब्रँड फालतू असतो असा अर्थ काढू नका. गोव्यात २०१९ मध्ये मिरामारला आयर्नमन ७०.३ सुरू झाली तेव्हा त्या नावानेच देशभरातून लोक आले. कोल्हापुरात मात्र तेवढ्याच ११३ किलोमीटरची ट्रायथलॉन राजाराम तलावावर 'बर्गमन' या आपल्याच नावाने होते. दोन्ही मार्ग चालतात. रोथने नाव सोडलं तेव्हा मागे १७ वर्षांची माणसं जोडलेली होती, हे विसरून कुणी उद्या फ्रँचायझीचा बोर्ड उतरवायला जाऊ नका.

आता ताईंकडे येऊ. मी विचारलं, ८० पैकी किती पोरांची नावं माहीत आहेत? एकाचंही नाही. डबे गेटवर उतरायचे, पैसे महिन्याला कॉन्ट्रॅक्टर द्यायचा, फोन नंबर फक्त त्याच्या सुपरवायझरचा. पोरं ताईंचीच भाजी खात होती, पण ताईंचं गिऱ्हाईक एकच होतं, आणि ते गेलं.

मग आम्ही हिशेब मांडला. गॅस, किराणा आणि मदतीची एक बाई धरली तर ४० डब्यांखाली परवडत नाही. ताई संध्याकाळी खोल्यांच्या चाळीत फिरल्या. कुणी लातूरचा, कुणी यवतमाळचा, कुणी बिहारचा. नाव, शिफ्ट, तिखट किती चालतं, आठवड्याची सुट्टी कधी, सगळं वहीत लिहिलं. रात्रपाळीवाल्यांना सकाळी आठला गरम जेवण कुणीच देत नाही, हे त्यांना तिथेच कळलं. नव्या मेसवाल्याची गाडी तेव्हा येतच नाही.

परवा त्यांचा फोन आला, २६ डबे झालेत. पैसे आठवड्याला रोख, थेट पोरांकडून. ४० ला अजून १४ कमी आहेत, आणि बाईचा पगार या महिन्यात ताईंनी पदरचा भरलाय.