फ्रायरचा स्टड तुटला तर?

वडे, सामोसे, फरसाण यांच्या धंद्यावर आपल्यातील कितीतरी घरांची चूल पेटते. कोणी कॅन्टीनमध्ये फ्रायरवर उभा असतो, कोणी हॉटेलात, तर कुठे भगिनी बचतगटातून तळणाचे पदार्थ विकतात. अशा ठिकाणी टाकीला वेल्ड केलेला बोटाएवढा स्टड तुटला, की "तारेने बांधा आणि चालवा" असे सर्रास सांगितले जाते. हे अत्यंत धोक्याचे आहे.

स्टड म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट. त्याचे एक टोक टाकीच्या पत्र्याला वेल्ड केलेले असते, दुसऱ्या टोकाच्या आट्यांवर नट बसतो. तेलाचे तापमान ओळखणारा थर्मोस्टॅटचा बल्ब काही फ्रायरमध्ये अशाच स्टडवर पकडलेला असतो. स्टड तुटून बल्ब तेलाबाहेर आला, की थर्मोस्टॅटला तेल थंडच वाटते आणि आच बंद होत नाही. तळण साधारण १७० ते १९० अंश सेल्सिअसला होते. तापत तापत साडेतीनशे अंशांच्या आसपास गेलेले तेल ठिणगीशिवायही भडकते.

स्टड तुटतो कशाने? जळक्या तेलाचा चिकट थर आट्यांत बसून नट जाम होतो. मग पान्याने जोर लावला की नट सुटत नाही, स्टडच मोडतो. रोज तापणे आणि थंड होणे यानेही वेल्ड कमकुवत होते. म्हणून जाम नटावर आधी आटे सोडवणारे तेल टाकून थांबावे, घाई करू नये.

दुरुस्तीपूर्वी गॅस किंवा वीज पूर्ण बंद करावी. थंड झालेले तेल काढून टाकी साबणाच्या पाण्याने घासावी, कारण उरलेले तेल वेल्डिंगच्या ठिणगीने पेटते. मागच्या बाजूची वायर आणि उष्णतारोधक थर बाजूला घ्यावा. टाकी बहुधा ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची असते. तिला त्याच प्रतीचा व मापाचा स्टड आर्गन वेल्डिंगने, ३०८एल फिलर तार वापरून जोडावा. साध्या लोखंडावर वापरलेले ग्राइंडरचे चाक स्टेनलेसवर चालवू नये, त्याने गंज धरतो.

तीन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. टाकीला भोक पाडून आरपार बोल्ट घालू नये, तेथून गरम तेल गळून आचेवर पडते. शिशाचा डाख लावू नये, तो खाण्यात उतरू शकतो आणि तळणाच्या तापमानाला वितळूही शकतो. जस्ताचा मुलामा असलेला बोल्ट वेल्ड करू नये, त्याचा धूर वेल्डरला ताप आणतो.

काम झाल्यावर टाकीत पाणी भरून काही तास गळती पाहावी. मग टाकी पूर्ण कोरडी करावी. उरलेल्या थेंबाची गरम तेलात क्षणात वाफ होते आणि तेल अंगावर उडते. गॅसचे सांधे साबणाच्या पाण्याने तपासावेत. पहिल्या घाण्याला वेगळा थर्मामीटर लावून आच आपोआप बंद होते की नाही, हे डोळ्यांनी पाहावे.

फ्रायरवर काम करणाऱ्या बंधू-भगिनींनो, नीट दुरुस्तीचा आग्रह धरणे म्हणजे काम टाळणे नव्हे. मालकाचा एक दिवस बुडेल, पण भाजलेला हात पुन्हा पूर्ववत होईलच असे नाही. तारेवर लोंबकळणारा बल्ब दिसला, तर आच बंद करा आणि मगच बोला.