पायाखालचे पाणी ओळखा!

मैत्रिणींनो, परवा शाळेत टुंड्राचा धडा शिकवत होते. सैबेरियातली लेना नदी ४,००० किलोमीटरांहून अधिक वाहत जाऊन आर्क्टिक महासागराला मिळते. तिथली जमीन खाली बारमाही गोठलेली. वरचे बर्फ वितळले तरी पाणी मुरत नाही, नुसती दलदल! एक मुलगी म्हणाली, "बाई, मंग आपल्यासारखंच की! पायाखालची जमीनच वैरी."

पोरीचे खरेच होते. आमचे वरवट बकाल पूर्णेच्या खोऱ्यात. पूर्णा भैंसदेहीजवळ सातपुड्यात उगम पावते, पश्चिमेला वाहते नि चांगदेवला तापीला मिळते. तिच्या काठचा अमरावती, अकोला, बुलढाण्यातला पट्टा म्हणजे खारपाण. वर काळी कसदार माती, खाली खारे पाणी. साबणाला फेस नाही, डाळ लवकर शिजत नाही.

लग्न होऊन आले तेव्हा मी विहिरीचे पाणी उकळून निर्धास्त असे. सासूबाईंचे मूत्रपिंड बिघडले, तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "पाणी कुठलं पिता?" तेव्हा कळले, उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. पाणी आटले की उलट वाढतातच!

म्हणून पिण्याला नि वरणाला नळाचे गोडे पाणी, नाहीतर आरओचे, विहिरीचे धुण्याला. पहिल्या सरींनी छत धुऊन जाऊ द्या, मग पावसाचे पाणी गाळून टाकीत साठवा. डाळ कशी मऊसूत शिजते ते बघाच!

लेनेकाठी लोक हिवाळ्यात नदीचे बर्फ तोडून घरी वितळवतात. आपणही आपल्या नदीचा स्वभाव ओळखूनच चूल पेटवायची, नाही का?