बाहुलीच्या घरात दिवा लावू या

पुठ्ठ्याच्या खोक्याचं किंवा प्लायवूडचं बाहुलीघर आपल्यापैकी बऱ्याच जणींना करता येतं. चूल, पाटा, पाळणा सगळं होतं. मग मुलं विचारतात, "यात लाईट कुठाय?" आज आपण चार खोल्यांच्या घरात चार दिवे कसे बसवायचे ते पाहू.

पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवू. घरातल्या बोर्डाची वीज खेळण्यात घ्यायची नाही. ती २३० व्होल्टची असते आणि पुठ्ठा, कापड, लहान हात यांच्याजवळ तिचं काम नाही. दिवाळीची जुनी माळ तोडून जोडणं तर नकोच. आपलं काम तीन पेन्सिल सेलवर होतं. एक सेल दीड व्होल्टचा, तीन मिळून साडेचार व्होल्ट.

सामान असं: चार पांढरे एलईडी, १०० ओहमचे चार रेझिस्टर, तीन सेलचा झाकणाचा डबा, छोटं बटण, लाल आणि काळी बारीक वायर, चिकटपट्टी. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात हे सामान मागायचं. रेझिस्टरवर तपकिरी, काळा, तपकिरी असे पट्टे बघून घ्यायचे.

रेझिस्टर कशाला? पांढऱ्या एलईडीला साधारण तीन व्होल्ट लागतात. सेल साडेचार देतात. उरलेला दीड व्होल्ट रेझिस्टर सोसतो आणि दिव्यातून बेताचीच वीज जाऊ देतो. तो नसेल तर दिवा आधी लख्ख पेटतो आणि लवकर जळतो. शेताच्या पाटाला बारं धरताना आपण पाणी जसं बेतानं सोडतो, तसंच हे.

आता जोडणी. एलईडीचा लांब पाय म्हणजे अधिक, आखूड पाय म्हणजे उणे. प्रत्येक दिव्याच्या लांब पायाला एक रेझिस्टर जोडायचा. चारही रेझिस्टरची मोकळी टोकं लाल वायरला, चारही आखूड पाय काळ्या वायरला. लाल वायर बटणातून डब्याच्या अधिक टोकाला, काळी थेट उणे टोकाला. दिवे एकामागे एक माळेसारखे जोडले तर पेटणार नाहीत, कारण दोनच दिव्यांना सहा व्होल्ट लागतील. वेगवेगळे जोडले की एक गेला तरी बाकीचे चालू राहतात.

चिकटवायच्या आधी पेटवून बघायचं. एखादा पेटला नाही तर बहुतेक वेळा त्याचे पाय उलटे लागलेले असतात. प्रत्येक सांध्यावर वेगळी चिकटपट्टी लावायची. लाल-काळी उघडी टोकं एकमेकांना टेकली तर सेल आणि वायर तापतात. वायर भिंतीमागून न्यायची, डबा घराच्या मागच्या बाजूला ठेवायचा. रोज तासभर दिवे लावले तर अल्कलाइन सेल महिनाभर सहज चालतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घड्याळात असतात ते चपटे बटण-सेल वापरायचे नाहीत. जागा कमी लागते म्हणून मोह होतो, पण असा सेल मुलानं गिळला आणि घशाखाली अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजू शकतं. कुणी गिळल्याची नुसती शंका आली तरी ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्यायचं, उलटी करवायची नाही. म्हणूनच आपला सेलचा डबाही स्क्रूनं बंद होणारा हवा.

बचत गटाच्या स्टॉलवर ही घरं विकायची असतील, तर आधी एक चौकशी करायची. १ जानेवारी २०२१ पासून देशात विकायच्या खेळण्यांना आयएसआय खूण सक्तीची आहे, आणि विजेच्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४ हे वेगळं मानक आहे. केंद्राच्या विकास आयुक्त (हस्तकला) कार्यालयाकडे नोंद असलेल्या कारागिरांना, त्यांनी स्वतः करून विकलेल्या खेळण्यांसाठी सूट दिलेली आहे. आपली नोंद त्यात बसते का, हे माल करायच्या आधी विचारू. पन्नास घरं तयार झाल्यावर कळलं तर गटाचे पैसे अडकतात.

तोवर एक घर आपल्या अंगणवाडीसाठी करू या. सेल बदलायचं काम मात्र मोठ्या माणसाकडेच ठेवायचं. वायरीचं काम आपल्याला जमेल का, ही शंका मनात असेल तर ती सोडा. सुईत दोरा ओवणाऱ्या हातांना हे जमतंच.