विहिरीवरील पंप (मालवण किनारा)

विहिरीवरील पंप हे विहिरीतील पाणी उपसून बागेला, टाकीला किंवा बागेतील कुंडाला पुरविणारे यंत्र होय. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड, मालवण व वेंगुर्ले या किनारी तालुक्यांत माड-पोफळीच्या वाड्यांचे उन्हाळी शिंपण प्रामुख्याने घराजवळच्या विहिरीवर अवलंबून असते. देशावरील विहिरीवर पंप निवडताना पाणी किती खोल आहे, एवढेच बहुधा पाहिले जाते. किनाऱ्यावर मात्र गोड्या पाण्याखाली समुद्राचे खारे पाणी असते. त्यामुळे येथे पंपाची निवड त्याच्या ताकदीवरून न करता विहिरीच्या सोसण्यावरून करावी लागते.

पार्श्वभूमी

कोकणात पाणी उपसण्यासाठी पूर्वी दगडाच्या प्रतिवजनाने वरखाली होणारी लाट आणि रहाट ही साधने वापरात होती. उपसलेले पाणी दगडी डोणीत ओतून पाटाने माडांच्या आळ्यांपर्यंत नेले जाई. माणसाच्या किंवा बैलाच्या बळावर चालणाऱ्या या साधनांचा वेग कमी असल्याने उपसा आणि झिरपा यांचा मेळ आपोआप राखला जाई. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या किर्लोस्करवाडी येथील कारखान्यात १९२६ मध्ये केंद्रोत्सारी पंपाची निर्मिती सुरू झाली. पुढे गावोगावी वीज पोहोचल्यावर विजेच्या पंपाने लाट व रहाट यांची जागा घेतली. काही तासांचे काम मिनिटांत होऊ लागले, पण उपशावरील नैसर्गिक मर्यादाही त्याबरोबर नाहीशी झाली.

गोड्या पाण्याचा थर

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. जांभा खडक व किनाऱ्यावरील पुळण या दोन्हींतून पाणी सहज झिरपते आणि तितक्याच सहज समुद्राकडे निघूनही जाते. जमिनीत उरलेले गोडे पाणी वजनाने हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. मालवणसमोरील कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी बांधलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्यात, चहूबाजूंनी समुद्र असूनही, दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. पावसाचे पाणी जमिनीत मुरून साठते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

गोडे पाणी आणि समुद्राचे पाणी यांच्या घनतेत सुमारे अडीच टक्क्यांचा फरक असतो. त्यावरून घायबेन व हर्झबर्ग या अभ्यासकांच्या नावाने ओळखला जाणारा नियम मांडण्यात आला. या नियमानुसार गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या जितकी वर, त्याच्या सुमारे ४० पट खोलीपर्यंत गोडे पाणी असते. याचाच दुसरा अर्थ असा, की पातळी १ सेंटीमीटरने खाली जाऊन तशीच राहिली, तर खारे पाणी कालांतराने सुमारे ४० सेंटीमीटर वर सरकते. प्रत्यक्षात खडकातील भेगा आणि भरती-ओहोटी यांमुळे हे प्रमाण जागोजागी बदलते. एका बाजूला समुद्र व दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी असलेल्या तारकर्ली-देवबागसारख्या चिंचोळ्या पट्ट्यात गोड्या पाण्याचा हा थर विशेष नाजूक असतो.

क्षमतेची निवड

पंपाची क्षमता ठरविताना पाण्याची रोजची गरज, एकूण उठाव आणि विहिरीचा झिरपा या तीन गोष्टी मोजतात. ठिबक पद्धतीने पूर्ण वाढलेल्या माडाला उन्हाळ्यात रोज साधारण ४० लिटर पाणी लागते. या हिशेबाने ६० माडांच्या वाडीची गरज २,४०० लिटर होते. विहिरीतील पाणी जमिनीखाली ६ मीटर, टाकी जमिनीपासून ४ मीटर उंच आणि नळातील घर्षणासाठी २ मीटर धरले, तर एकूण उठाव १२ मीटर येतो. सेकंदाला उपसावयाचे लिटर आणि उठावाचे मीटर यांच्या गुणाकारास ७५ ने भागले असता पाण्याला लागणारी अश्वशक्ती मिळते. हे पाणी तासाभरात चढवायचे झाल्यास सेकंदाला ०.६७ लिटर उपसावे लागते. त्याला सुमारे ०.११ अश्वशक्ती लागते. लहान पंपाची कार्यक्षमता ३५ टक्के धरली, तरी अर्ध्या अश्वशक्तीचा पंप पुरेसा ठरतो.

याच विहिरीवर ३ अश्वशक्तीचा पंप बसविल्यास तो सेकंदाला ८ लिटरांहून अधिक पाणी उपसू शकतो. अडीच मीटर व्यासाच्या विहिरीत १ मीटर उंचीच्या पाण्याचा साठा सुमारे ४,९०० लिटर असतो. म्हणजे झिरपा कमी असल्यास मोठा पंप अवघ्या दहा मिनिटांत पातळी १ मीटरने उतरवितो. लहान पंप तेवढ्याच वेळात ती जेमतेम ८ सेंटीमीटरने उतरवितो. राज्यातील ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अडीच एकरांपर्यंतच्या शेतीसाठी ३ अश्वशक्तीची क्षमता ठरविलेली आहे. एवढ्या क्षमतेचा पंप समुद्रालगतच्या विहिरीवर बसविण्यापूर्वी झिरप्याची मोजणी आवश्यक ठरते.

ही मोजणी मे महिन्यात करतात. विहिरीतील थोडे पाणी उपसून पंप थांबवितात आणि तासाभरात पातळी किती वाढते ते पाहतात. अडीच मीटर व्यासाच्या विहिरीत पातळी १० सेंटीमीटरने वाढली, तर झिरपा तासाला सुमारे ४९० लिटर असतो. किनाऱ्याजवळील विहिरींची पातळी भरती-ओहोटीबरोबर हलते. त्यामुळे वेगवेगळ्या दिवशींच्या नोंदी भरतीच्या एकाच टप्प्यावर घेतात. रोजचा उपसा सकाळ-संध्याकाळ विभागून करणे आणि पातळी पूर्ववत झाल्याशिवाय पुन्हा पंप न लावणे हितावह असते.

प्रकार व जोडणी

जमिनीवर बसविलेला मोनोब्लॉक पंप पाणी हवेच्या दाबामुळे ओढतो. त्याची तात्त्विक मर्यादा सुमारे १० मीटर असली, तरी व्यवहारात ६ ते ७ मीटरांपलीकडे तो नीट चालत नाही. पाणी त्याहून खोल जात असल्यास पाण्यात बुडवून ठेवण्याचा ओपनवेल पंप वापरतात. जड खारे पाणी तळाशी राहत असल्याने किनारी विहिरीत फूटव्हॉल्व्ह तळाजवळ सोडत नाहीत. तो उन्हाळ्यातील नीचतम पातळीच्या थोडा खाली ठेवतात. पाणी ठरावीक पातळीच्या खाली जाताच पंप बंद करणारा तरंगता स्विच बसविल्यास विहीर व मोटार या दोहोंचे रक्षण होते. पाणी कमी पडू लागल्यावर विहीर खोल करण्यापेक्षा दुसरी उथळ विहीर घेणे किनाऱ्यावर अधिक सुरक्षित मानले जाते.

ओलिताचा नळ पीव्हीसीचा किंवा एचडीपीईचा असावा. खारट पाण्यात ओतीव लोखंड लवकर गंजते आणि पितळ व लोखंड एकमेकांना जोडल्यास लोखंडाची झीज वाढते. त्यामुळे फिरत्या चक्रासाठी कांसे किंवा ३१६ प्रतीचे स्टेनलेस पोलाद पसंत केले जाते.

देखभाल

ग्लँड पॅकिंगच्या पंपातून पाण्याचे थेंब संथपणे गळणे आवश्यक असते. ते पूर्ण थांबेपर्यंत ग्लँड आवळल्यास दांडा तापून झिजतो. मेकॅनिकल सील असलेल्या पंपातील गळती मात्र दोषाची खूण असते. पंप दरवेळी नव्याने पाणी भरून चालू करावा लागत असेल, तर फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलेला असण्याची किंवा ओढनळीत हवा शिरत असण्याची शक्यता असते.

पावसाळ्यात पंप महिनोन्‌महिने बंद राहतो आणि दमट, खारट हवेने वायंडिंगमध्ये ओल शिरते. त्यामुळे पावसाळ्यानंतर मोटार एकदम चालू करीत नाहीत. मेगरने तिचा विद्युतरोध तपासतात आणि तो १ मेगओहमपेक्षा कमी आढळल्यास मोटार आधी वाळवितात. दांडा हाताने मोकळा फिरतो की नाही, हेही पाहतात. विहिरीतील गाळ पाणी कमी झाल्यावर, पावसाळ्यापूर्वी काढतात.

पाण्याची विद्युतवाहकता दर उन्हाळ्यात तपासून नोंदविणे हाही देखभालीचाच भाग आहे. अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शक तक्त्यानुसार ती मीटरला ०.७ डेसीसिमेनपर्यंत असल्यास पाणी ओलितासाठी निर्वेध असते आणि ३ च्या पुढे गेल्यास पिकावर गंभीर परिणाम संभवतो. माड बराच खारटपणा सोसतो, पोफळीला तो सोसत नाही. म्हणून केवळ माडाच्या प्रकृतीवरून पाण्याची पारख करता येत नाही. वाहकता वाढू लागताच उपसा कमी करावा लागतो, कारण एकदा खारावलेली विहीर पूर्ववत होण्यास अनेक पावसाळे लागू शकतात.

सुरक्षितता

मोटारीला भूसंपर्क आणि गळतीचा प्रवाह तोडणारा स्विच असणे आवश्यक आहे. पंप हाताळण्यापूर्वी किंवा विहिरीत उतरण्यापूर्वी वीज मुख्य स्विचवर बंद करतात. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात सिंधुदुर्ग किनाऱ्यावरील अनेक गावांचा वीजपुरवठा खंडित झाला होता. अशा वेळी विहिरीवर राखून ठेवलेला हातरहाट पिण्याच्या पाण्यापुरता उपयोगी पडतो.