पाय मोकळे, मन मोकळे

‘जरा पाय मोकळे करून येतो,’ असं सांगून आपण घरातून निघतो. मन मोकळं करायचं असलं की मात्र माणूस शोधतो. पायांना आणि मनाला मराठीनं एकच शब्द का लावला असेल, हा प्रश्न मला पन्नाशीपर्यंत पडला नव्हता. कवी असून पडला नव्हता, हे कबूल करतो.

आई गेली त्या वर्षीची गोष्ट. चार महिने माझ्या हातून एक ओळ उतरली नाही. कवीनं लिहिलं नाही म्हणून कुणाचं काही अडत नाही, ते सोडा. पण पहाटे तीनला जाग यायची, छातीवर जातं ठेवल्यासारखं वाटायचं, समोरचा चहा निवून जायचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि चिठ्ठीच्या तळाशी लिहिलं : रोज अर्धा तास चालणे. ही ओळ मी पत्राच्या शेवटी ‘कळावे’ लिहितात तशी वाचली आणि सोडून दिली.

सोडलं नाही ते गल्लीतल्या एका निवृत्त गुरुजींनी. फजरची नमाज झाली की दारात हजर. ‘चला मियाँ, पुलापर्यंत.’ इतवाऱ्यातून निघून गोदावरीच्या पुलापर्यंत आम्ही चालायचो. पहिले दोन आठवडे फक्त पोटऱ्या दुखल्या. तिसऱ्या आठवड्यात एकदा अजान होईपर्यंत सलग झोप लागली. मला उठवायला घरच्यांना हाका माराव्या लागल्या, याचं घरात केवढं कौतुक!

हे कसं झालं, म्हणून मी वाचू लागलो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात 1999 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पन्नाशीच्या पुढचे, नैराश्यानं आजारी असलेले 156 जण घेतले आणि त्यांचे तीन गट केले. एका गटाला गोळ्या, दुसऱ्याला आठवड्यातून तीनदा व्यायाम, तिसऱ्याला दोन्ही. सुरुवातीला गोळ्यांनी लवकर गुण आला. पण सोळा आठवड्यांनंतर तिन्ही गटांतली सुधारणा जवळपास सारखीच होती. आणखी सहा महिन्यांनी पाहिलं, तर केवळ व्यायाम करून बरे झालेल्यांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण कमी होतं.

शरीरात घडतं काय? घाम गाळला की एंडॉर्फिन वाढतं आणि आनंद होतो, असं आपण ऐकत आलो. पण रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहजासहजी शिरत नाही. आता शास्त्रज्ञांचं लक्ष वेगळ्याच द्रव्यांकडे आहे. गांजाचा अंमल मेंदूत जिथे होतो, तिथेच काम करणारी द्रव्यं आपलं शरीर स्वतः तयार करतं. त्यातलं एक 1992 साली जेरुसलेमच्या संशोधकांना सापडलं. त्यांनी त्याला नाव दिलं अ‍ॅनंडामाइड. संस्कृतातल्या ‘आनंद’ या शब्दावरून! आपला शब्द जेरुसलेमला जाऊन बसला आणि आपल्याला पत्ता नाही. व्यायामानं हे द्रव्य रक्तात वाढतं, असं पुढे दिसून आलं. शिवाय झोप सुधारते, आणि झोप सुधारली की निम्मं मन ताळ्यावर येतं, हा माझा स्वतःचा अनुभव.

लातूरकडे, औशाजवळ माझा मेहुणा शेती करतो. त्याला हे सगळं उत्साहानं सांगितलं, तर तो म्हणाला, ‘दुल्हेभाई, दिवसभर सोयाबीनमध्ये वाकतो. अजून कशाचा व्यायाम?’ मी गप्प झालो. प्रश्न खराच होता. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी आपला मराठवाडा पोळलेला आहे, आणि ही माणसं काही बसून खाणारी नव्हती.

उत्तर पुढे एका वाचनात मिळालं. अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाले. फुरसतीत, आपल्या मर्जीनं केलेल्या हालचालीचा संबंध चांगल्या मनःस्थितीशी दिसला. कामावरच्या अंगमेहनतीचा मात्र उलट, मानसिक त्रासाशी. स्नायूंना दोन्ही सारखंच, मनाला नाही. कर्जाचा हप्ता डोक्यात ठेवून मारलेली कुदळ म्हणजे व्यायाम नव्हे. आणि चालण्यानं कर्ज फिटत नाही, भाव वाढत नाही. ते ज्यांचं काम आहे, त्यांनीच करावं. व्यायामाच्या नावाखाली त्यांना सुटू देऊ नये.

किती चालावं? जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 साली सांगितलं, आठवड्याला किमान दीडशे मिनिटं. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. चाल अशी, की सोबत्याशी बोलता यावं, पण गाता येऊ नये. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत घरी परतावं. एक मात्र बजावून सांगतो : चालायला लागलात म्हणून गोळ्या मनानं बंद करू नका. माझ्या गोळ्या डॉक्टरांनीच हळूहळू कमी केल्या. मनात जीव द्यायचे विचार येत असतील, तर चालण्याची वाट न पाहता 14416 हा ‘टेलिमानस’चा सरकारी क्रमांक लावा, 2022 पासून तो सुरू आहे, पैसे पडत नाहीत.

मेहुण्यानं माझं ऐकलं असं नाही. पण गेल्या खेपेला गेलो, तर दिवेलागणीला तो घरी नव्हता. बहिणीसारख्या माझ्या सलहजनं सांगितलं, ‘फाट्यापर्यंत गेलेत, शेजारचे दोघं बरोबर आहेत.’ मी चप्पल घातली आणि त्यांना गाठायला निघालो.